खाद्यांतील औषध आणि डुकरांची वाढ : डेन्मार्कच्या शेतकऱ्यांचा अनुभव

जनावरें पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या दारीं खाद्याचीं पोतीं येतात, त्यांबरोबर हल्लीं नानाविध पुड्याही येतात. एक पुडी वजन वाढविणारी, दुसरी भूक वाढविणारी, तिसरी हगवण थांबविणारी. पुडीवर आश्वासनें मोठ्या अक्षरांत छापलेलीं असतात; आंत काय आहे तें बारीक अक्षरांत असतें, आणि कित्येकदां तेंही नसतें. या पुडीनें जनावर खरोखर वाढतें काय, वाढत असल्यास किती, आणि त्या वाढीची किंमत अखेर कोण देतो, या तीन प्रश्नांचीं उत्तरें विकणाऱ्याकडून मिळण्याचा संभव थोडा. सुदैवानें एका लहानशा शेतीप्रधान देशानें हे प्रश्न स्वतःच्या गोठ्यांत, कोट्यवधि जनावरांवर, बारकाईनें हिशेब ठेवून सोडविले आहेत. तो देश डेन्मार्क, आणि तीं जनावरें म्हणजे डुकरें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं डुकरें नाहींत, हें आम्ही जाणून आहों. महाराष्ट्रांत वराहपालन हा थोड्यांचाच धंदा आहे; गोव्यांत मात्र त्याची चाल जुनी आहे. परंतु डुकरांच्या खाद्यांत जीं औषधें घातलीं गेलीं, त्याच जातीचीं औषधें कोंबड्यांच्याही खाद्यांत घातलीं गेलीं. म्हणून ज्याच्या घरीं विकतचें खाद्य येतें अशा प्रत्येकास हा अनुभव कामीं पडेल, या समजुतीनें आम्ही तो येथें सविस्तर देत आहों.

डेन्मार्कचा धंदा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिका व रशिया या देशांतील स्वस्त धान्य युरोपच्या बाजारांत येऊं लागलें, आणि नुसतें धान्य विकून डेन्मार्कच्या शेतकऱ्याचें भागेनासें झालें. तेव्हां धान्य विकण्याऐवजीं तें जनावरांस घालून लोणी व डुकराचें खारविलेलें मांस विकण्याचा मार्ग त्यानें धरिला. १८८२ सालीं पश्चिम जटलंडांत पहिली सहकारी दूधशाळा निघाली. १८८७ सालीं होर्सेन्स येथें पहिला सहकारी कसाईखाना निघाला. लोणी काढून उरलेलें दूध दूधशाळेंतून शेतकऱ्याकडे परत येई, तें धान्याबरोबर डुकरांस घालीत, आणि तीं डुकरें शेतकऱ्यांच्याच मालकीच्या कसाईखान्यांत जात. माल मुख्यतः इंग्लंडांत खपे. या धंद्याची वाढ अशी झाली कीं, २००८ सालीं अवघ्या पंचावन्न लक्ष वस्तीच्या या देशांत २ कोटि ७१ लक्ष डुकरें तयार झालीं.

तेथें डुकराच्या आयुष्याचे तीन भाग पडतात. सुमारें चार आठवडे पिलूं आईचें दूध पितें. त्यानंतर तें तोडलें जातें व सुमारें ३० किलो वजनाचें होईपर्यंत निराळ्या खोलींत वाढतें. हा काळ सर्वांत नाजूक, कारण दूध सुटलेलें असतें आणि धान्य पचविण्याची शक्ति अजून पुरती आलेली नसते. तिसरा भाग ३० किलोपासून बाजारच्या वजनापर्यंत, म्हणजे सुमारें ११० किलोपर्यंतचा. डुकरास लागणाऱ्या एकंदर खाद्याचा मोठा वांटा याच शेवटल्या भागांत खर्ची पडतो. म्हणून धंद्यांतील नफातोटा पुष्कळ अंशीं येथेंच ठरतो.

औषध खाद्यांत कसें आलें

१९४९-५० च्या सुमारास अमेरिकेंतील लेडर्ले प्रयोगशाळेंत टॉमस ज्यूक्स व स्टोकस्टड हे शास्त्रज्ञ कोंबडीच्या पिलांच्या वाढीस लागणारें जीवनसत्त्व शोधीत होते. ऑरिओमायसिन हें प्रतिजैविक औषध तयार केल्यावर उरलेला चोथा त्यांनीं पिलांस घालून पाहिला. त्यांतील जीवनसत्त्वानें जितकी वाढ व्हावयास पाहिजे होती त्याहून अधिक वाढ झाली, आणि ती चोथ्यांत राहिलेल्या औषधाच्या अंशामुळें असल्याचें पुढें दिसून आलें. डुकरांच्या पिलांवरही तोच परिणाम झाला. एका टन खाद्यास मूठभर औषध पुरे. तेव्हां ही रीति थोड्याच वर्षांत जगभर पसरली. जनावर आजारी असो वा नसो, जन्मापासून विकेपर्यंत रोज थोडें थोडें औषध त्याच्या पोटांत जाऊं लागलें.

वाढ किती होई? अमेरिकेंतील पुष्कळ प्रयोगांची सरासरी काढली असतां, नुकत्याच तोडलेल्या पिलांत वाढीचा वेग शेंकडा १६ नीं व खाद्याची बचत शेंकडा ७ च्या जवळपास दिसते. परंतु बाजारच्या वजनापर्यंत चाललेल्या मोठ्या डुकरांत हाच आंकडा वाढीस शेंकडा ४ व खाद्यास शेंकडा २ इतका खालीं येतो.

याचा अर्थ आपण हिशेबानें पाहूं. समजा, डुकर ३० किलोपासून ११० किलोपर्यंत न्यावयाचें आहे व तें दिवसास ९०० ग्रॅम वाढतें. ८० किलो वाढीस ८९ दिवस लागतील. औषधानें वाढ शेंकडा ४ नीं सुधारली तर ती दिवसास ९३६ ग्रॅम होईल आणि तीच मजल ८५ ते ८६ दिवसांत पुरी होईल. एक किलो वाढीस पावणेतीन किलो खाद्य धरलें तर एकंदर २२० किलो खाद्य लागेल. त्यांत शेंकडा २ वांचले म्हणजे साडेचार किलोंच्या आंतबाहेर. साडेतीन दिवस व साडेचार किलो खाद्य, इतकाच काय तो लाभ. आणि त्यांतून औषधाची किंमत वजा जावयाची.

दुसरी एक गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. हा लाभ सर्व ठिकाणीं सारखा होत नसे. जुन्या, दाटीच्या व घाणेरड्या गोठ्यांत तो अधिक दिसे. नव्या स्वच्छ जागेंत तो कमी होई. कोंबडीचीं पिलें जंतुरहित जागेंत वाढवून पाहिलीं असतां औषधानें त्यांच्या वाढीत फरक पडला नाहीं. यावरून उघड होतें कीं, औषध वाढ निर्माण करीत नाहीं. आंतड्यांतील जंतु खाद्याचा कांहीं भाग खातात, आंतड्यास सूज आणतात व लपलेल्या रोगानें जनावरास मागें ओढतात. हा अडथळा औषध कांहीं अंशीं दूर करतें. अडथळा मुळांतच थोडा असेल तर औषधास करावयास काम उरत नाहीं.

किंमत कोण देतो

थोडें थोडें औषध रोज मिळालें म्हणजे दुबळे जंतु मरतात व ज्यांवर औषध चालत नाहीं ते उरतात आणि वाढतात. ते शेणखतांतून, मांसांतून व पाळणाऱ्याच्या हातांपायांवरून माणसांपर्यंत येतात. इंग्लंडांत स्वान समितीनें १९६९ सालींच सांगितलें होतें कीं, माणसांच्या उपचारास लागणारीं औषधें जनावरांच्या वाढीकरितां वापरूं नयेत. स्वीडननें १९८६ पासून वाढीकरितां औषध घालणें सर्वस्वीं बंद केलें.

डेन्मार्कांत हा प्रश्न अव्होपार्सिन या औषधावरून ऐरणीवर आला. तें डुकरांस व कोंबड्यांस घालीत. त्याच कुळांतील व्हँकोमायसिन हें औषध इस्पितळांत, दुसरीं औषधें हरल्यावर, रोग्याचा जीव वांचविण्याकरितां राखून ठेवलेलें असतें. एकावर न मरणारा जंतु दुसऱ्यावरही मरत नाहीं. १९९४ सालीं डेन्मार्कांत माणसांकरितां व्हँकोमायसिन २४ किलो खर्च झालें. जनावरांच्या खाद्यांत अव्होपार्सिन गेलें २४,००० किलो. हे दोन आंकडे शेजारीं ठेवले म्हणजे साडेतीन दिवसांच्या लाभाची किंमत कोणाच्या माथीं बसत होती हें निराळें सांगावयास नको. त्यांत शेतकऱ्याचीं स्वतःचीं मुलेंबाळें प्रथम येतात, कारण गोठ्याशीं सर्वांत अधिक संबंध त्यांचाच.

शेतकऱ्यांनीं घेतलेला निर्णय

१९९५ सालीं डेन्मार्क सरकारनें अव्होपार्सिन बंद केलें, १९९८ च्या जानेवारींत व्हर्जिनियामायसिन बंद केलें. परंतु इतर औषधें कायद्यानें चालू होतीं. अशा वेळीं १९९८ च्या आरंभीं तेथील डुकरें पाळणाऱ्यांनीं, आपल्या संघटनेंत विचार करून, ३५ किलोवरील डुकरांस वाढीचें कोणतेंही औषध न घालण्याचें आपण होऊन ठरविलें. लहान पिलांचें खाद्यही १९९९ अखेर औषधमुक्त झालें. कायद्याची वाट न पाहतां एवढा मोठा धंदा एकमतानें वळला याचें कारण आमच्या मतें हेंच कीं, कसाईखाना त्यांचा स्वतःचा, बाजारांतील नांव त्यांचें स्वतःचें आणि हिशेबाच्या वह्याही त्यांच्याच. युरोपीय संघानें १ जानेवारी २००६ पासून हाच नियम सर्व सभासद देशांस लागू केला.

परिणाम काय झाला

२००२ च्या नोव्हेंबरांत जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीनें तज्ज्ञांनीं डेन्मार्कांत जमून सर्व आंकडे तपासले. मोठ्या डुकरांच्या वाढीवर, खाद्यखर्चावर व आरोग्यावर म्हणण्यासारखा अनिष्ट परिणाम झालेला आढळला नाहीं. लहान पिलांत मात्र झाला. कांहीं काळ त्यांची वाढ मंदावली, हगवण वाढली आणि उपचाराकरितां अधिक औषध द्यावें लागलें. एकंदर वाढीव खर्च एका डुकरामागें पावणेआठ क्रोनर, म्हणजे उत्पादनखर्चाच्या शेंकडा १ च्या सुमारास भरला. उलटपक्षीं जनावरांस दिलेल्या औषधांचें एकंदर वजन १९९४ सालीं दोन लक्ष पांच हजार किलोंवर होतें, तें २००१ सालीं चौऱ्याण्णव हजार किलोंवर आलें.

जंतूंविषयीं जें दिसलें तें विशेष बोधप्रद आहे. अव्होपार्सिन १९९५ सालीं बंद झालें, तरी डुकरांतील त्या जातीचे हट्टी जंतु १९९७ पर्यंत शेंकडा २० च्या आसपासच राहिले. शोध केल्यावर कळलें कीं, अव्होपार्सिनला व टायलोसिन या दुसऱ्या औषधाला दाद न देण्याचे गुण त्या जंतूंत एकत्र बांधलेले होते; टायलोसिन चालू असल्यामुळें दोन्ही टिकून राहत. टायलोसिनचा वापर उतरला तेव्हां तो आंकडा २००० सालीं शेंकडा ६ वर आला. एक पुडी टाकून दुसरी धरल्यानें काम होत नाहीं, तें यामुळेंच.

हा निर्णय घेतल्यावर सर्व कांहीं सुरळीत झालें असेंही नाहीं. पुढील वर्षांत उपचाराच्या नांवाखालीं औषधांचा वापर पुन्हां वर चढूं लागला. पशुवैद्यानें औषधविक्रीवर घ्यावयाच्या नफ्यास १९९५ सालींच मर्यादा घातलेली होती. २०१० सालीं तेथील सरकारनें पिंवळ्या कार्डाची पद्धति सुरू केली. चेंडूच्या खेळांत दांडगाई करणाऱ्यास दाखवितात तसें कार्ड, ठरल्या मर्यादेपलीकडे औषध वापरणाऱ्या गोठ्याच्या मालकास मिळतें, व त्यास वापर कमी करावा लागतो. १९९२ ते २००८ या काळांत डुकरांची संख्या १ कोटि ८४ लक्षांवरून वर सांगितल्याप्रमाणें २ कोटि ७१ लक्षांवर गेली. त्याच काळांत एक किलो डुकरामागें वापरलेलें औषध १०० मिलिग्रॅमवरून ४९ मिलिग्रॅमपर्यंत उतरलें. अर्धें औषध गेलें, धंदा मात्र दीडपट झाला.

मग वाढ कशानें होते

चांगली पैदास, मोकळी व कोरडी जागा, एक तुकडी विकली कीं गोठा रिकामा करून धुण्याची शिस्त आणि पिलें थोडीं उशिरा तोडणें, हीं कारणें पहिलीं. परंतु खाद्यांत घालावयाच्या कांहीं वस्तूही खरोखर उपयोगी आहेत, आणि त्या औषधाहून वेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

पहिली वस्तु लायसिन. मांस तयार होण्यास निरनिराळीं अमिनो आम्लें ठराविक प्रमाणांत लागतात. विटा कितीही रचलेल्या असल्या तरी चुना संपला कीं भिंत थांबते. धान्यावर पोसलेल्या डुकरांत प्रथम संपणारा चुना म्हणजे लायसिन. सूक्ष्म जंतूंच्या साहाय्यानें तें आतां कारखान्यांत तयार होतें. अमेरिकेंतील शेतकऱ्यांचा एक ठोकळ हिशेब असा कीं, एक टन खाद्यांतील ५० किलो सोयाबीनच्या पेंडीचें काम साडेअठ्ठेचाळीस किलो मका व दीड किलो लायसिन करतात. याहून अधिक पेंड काढली तर दुसरीं अमिनो आम्लें कमी पडतात व वाढ खुंटते. पेंड वांचते, आणि मूत्रांतून वायां जाणारा नत्रही कमी होतो.

दुसरी वस्तु फायटेज. धान्यांतील स्फुरदाचा सुमारें दोनतृतीयांश भाग डुकरास पचत नाहीं अशा रूपांत बांधलेला असतो. हें पाचक द्रव्य ती गांठ सोडवितें. १९९१ सालीं हॉलंडांत तें विक्रीस आलें. त्यामुळें विकतचा स्फुरद कमी घालावा लागतो व शेणांतून जाणारा स्फुरद एकतृतीयांशाच्या सुमारें घटतो.

तिसरी वस्तु सौम्य आम्लें. आंबटपणांत हगवणीच्या जंतूंस वाढतां येत नाहीं. डेन्मार्कांत पुष्कळ शेतकरी चीज करतांना उरणाऱ्या निवळीत खाद्य कालवून पातळ देतात; कांहीं फॉर्मिक वा बेंझोइक आम्ल घालतात.

मोरचूद व जस्त यांची गोष्ट वेगळी आहे. एक किलो खाद्यांत २५० मिलिग्रॅम तांबें गेलें असतां डुकरें अधिक वाढतात, हें इंग्लंडांत १९५५ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु डुकराची खरी गरज त्याच्या अल्पांशाइतकीच. बाकीचें बहुतेक तांबें शेणांतून शेतांत जाऊन सांचतें, आणि तेथील गवत खाणाऱ्या मेंढीस तांब्याची बाधा लवकर होते. म्हणून युरोपांत मोठ्या डुकरांच्या खाद्यास तांब्याची मर्यादा किलोस २५ मिलिग्रॅम ठरविली आहे. हगवणीवर पिलांस घालण्याचें झिंक ऑक्साइडही त्याच विचारानें तेथें २०२२ च्या जूनपासून बंद झालें.

रॅक्टोपामाइन नांवाच्या द्रव्याचाही उल्लेख येथें केला पाहिजे. तें प्रतिजैविक नव्हे. विक्रीपूर्वींच्या शेवटल्या कांहीं आठवड्यांत घातलें असतां चरबी कमी व मांस अधिक होतें. अमेरिकेनें १९९९ सालीं त्यास परवानगी दिली. युरोप व चीन यांनीं तें निषिद्ध मानिलें. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेच्या सभेंत २०१२ सालीं त्याची मर्यादा ६९ विरुद्ध ६७ मतांनीं मान्य झाली. इतक्या थोड्या फरकानें ठरलेल्या वस्तूवर बाजार भरंवसा ठेवीत नाहीं. २०१९ सालीं अमेरिकेंतील कांहीं मोठ्या मांसकंपन्यांनींही रॅक्टोपामाइन घातलेलीं डुकरें घेणें सोडून दिलें, कारण चीनचें गिऱ्हाईक त्यांस हवें होतें.

आपणांस बोध

हा प्रश्न आपल्या दारापर्यंत येऊन पोंचलेला आहे. कोलिस्टिन हें माणसांच्या उपचारांतील अखेरच्या औषधांपैकीं एक. त्यास दाद न देण्याचा व एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारा गुण २०१५ सालीं चिनी शास्त्रज्ञांस डुकरांत आढळला. आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यांत तें वाढीकरितां वापरलें जात असे. केंद्र सरकारनें जुलै २०१९ मध्यें खाद्योपयोगी जनावरांकरितां त्याचें उत्पादन, विक्री व वांटप यांस बंदी केली.

यास्तव शेतकरी बंधूंस आमचें सांगणें असें. पुडींत काय आहे तें नांवानिशीं विचारावें. नांव न सांगणाऱ्याकडून ती घेऊं नये. आजारी जनावरास पशुवैद्याच्या सल्ल्यानें पुरें औषध द्यावें, त्यांत काटकसर करूं नये. निरोग्यास वाढीकरितां मुळींच देऊं नये. पुडी लायसिनसारख्या पोषक द्रव्याची असली तरीही ती आपल्याच गोठ्यांत पारखावी. सारख्या वयाचीं व वजनाचीं जनावरें दोन खणांत निम्मीं निम्मीं करावीं, एका खणांत पुडी घालावी, दुसऱ्यांत घालूं नये. आरंभीं व अखेरीस वजन करावें, खाद्य मोजून द्यावें आणि खर्च लिहून ठेवावा. दोन महिन्यांत वही उत्तर देईल. आणि पुडीकरितां जो पैसा काढला असेल त्यांतून अगोदर गोठ्याची जमीन कोरडी करून घ्यावी, पाण्याची कुंडी रोज घासून घ्यावी व दाटी कमी करावी. कारण पुडी जें काम थोडें करते तेंच काम यानें पुरें होतें.

एकट्या शेतकऱ्यानें औषध सोडलें तर शेजाऱ्याच्या गोठ्यांतील जंतु त्याच्याकडे यावयाचे थांबत नाहींत. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांस यश आलें तें त्यांनीं मिळून ठरविलें म्हणून. आपल्याही गांवोगांवच्या सहकारी संस्थांनीं खाद्य एकत्र खरेदी करतांना औषधविरहित खाद्याची अट घातली, तर विकणाऱ्यास ती मानावी लागेल. ज्या वाचकांनीं अशी पारख आपल्या गोठ्यांत केली असेल, त्यांनीं आपले आंकडे आम्हांस अवश्य कळवावे. नफ्याचे असोत वा तोट्याचे, ते आम्ही आनंदानें प्रसिद्ध करूं.